नितेश वाकोडेचा विश्वास

नितेश वाकोडेची मी आजवर एकेचाळीस वेळा माफी मागितली आहे. त्यातल्या चाळीस वेळा त्याने मला माफ केलं. राहिलेल्या एका वेळी समोर खरा नितेश होता.

कोडं घालत नाहीये, नीट सांगते. मी अरुंधती सोवनी. वय अठ्ठेचाळीस, सॉफ्टवेअरमध्ये चोवीस वर्षं, त्यातली शेवटची अकरा मॅनेजर म्हणून. कोड आता यंत्रंच लिहितात, त्यामुळे आमच्या कंपनीने बारा-बारा जणांच्या टीम चार-चार जणांवर आणल्या. चार माणसं सांभाळायला किती मॅनेजर लागणार? मी घरी बसले. चौदा महिने बसले. घरी बसल्यावर माझ्या लक्षात आलं की घरातलं कुणीच आपल्याला रिपोर्ट करत नाही.

मग खराडीच्या ‘मेघवाट’ कंपनीत इंजिनिअरिंग मॅनेजरची एक जागा निघाली. एकच. अर्ज किती आले असतील याचा मी विचार केला नाही. या वयात पुढची जागा निघेपर्यंत आपल्याला कुणी इंटरव्ह्यूला बोलावणार नाही, एवढं मला स्वच्छ कळत होतं. ही नोकरी मला हवी होती आणि ती मिळवण्यासाठी मला नितेश वाकोडेचा विश्वास संपादन करायचा होता.

इथे थोडं यंत्राबद्दल सांगायला हवं. आमच्या धंद्यात नोकरी सोडणाऱ्याने जाण्यापूर्वी ‘केटी’ द्यायची असते. नॉलेज ट्रान्सफर. म्हणजे आपल्या डोक्यातलं सगळं मागे राहणाऱ्याच्या डोक्यात ओतायचं. पूर्वी ती कशी व्हायची ते या धंद्यातल्या सगळ्यांना आठवत असेल: नोटीस पीरियडचे शेवटचे चार दिवस, समोर जांभया देणारा सहकारी आणि निम्मी पानं कोरी असलेलं डॉक्युमेंट. आता केटी यंत्र घेतं. तुमचे वर्षानुवर्षांचे मेसेज, मीटिंगांची रेकॉर्डिंग, दुसऱ्यांच्या कामावर मारलेले शेरे, सगळं ते आधी वाचून काढतं. मग नोटिशीचे तीन महिने रोज तासभर तुमच्याशी बोलतं. अमुक प्रसंगी हा माणूस काय म्हणेल, कुठे चिडेल, कुठे गप्प बसेल याचा अंदाज बांधतं आणि अंदाज चुकला की तुमच्याच उत्तरावरून स्वतःला सुधारतं. तीन महिन्यांत अंदाज चुकायचे जवळपास थांबतात. असं जे तयार होतं त्याला आम्ही ‘वारस’ म्हणतो. तुम्ही जाता, वारस कंपनीत राहतो. शेवटच्या दिवशी तो गोठतो. त्यानंतर तुमच्या आयुष्यात काय झालं ते त्याला ठाऊक नसतं, आणि त्याच्याशी केलेलं बोलणं सत्र संपताच त्याच्या आठवणीतून पुसलं जातं.

त्याच्यात जीव नसतो, मनही नसतं. असतो तो फक्त पुढच्या वाक्याचा अंदाज. पण माणूस पुढे काय बोलेल हे ओळखायचं तर त्याचा समोरच्यावर किती भरवसा आहे हे मोजावंच लागतं. त्यामुळे वारसाच्या आत एक आकडा सतत हलत असतो: विश्वास, शंभरपैकी. कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की हा आकडा बाहेर दाखवला तर मॅनेजर लोकांची परीक्षा घेता येईल. झालं. तेव्हापासून प्रत्येक मोठ्या कंपनीत ‘वारस-फेरी’ असते. नोंदी चाळून यंत्र तुमचं ज्याच्याशी सर्वांत जास्त बिनसलं होतं असा जुना सहकारी शोधून काढतं, तुमच्या वरचा असो वा खालचा. त्याचा वारस पडद्यावर येतो. तुम्हाला चाळीस मिनिटं मिळतात. शेवटी आकडा पंच्याऐंशीच्या वर गेला तर तुम्ही पास.

माझ्या फेरीला कोण येणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

नितेश माझ्या टीममध्ये सहा वर्षं होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याचा. आमच्याकडे सगळे एकमेकांना नावाने हाक मारायचे, त्याला ते कधी जमलं नाही. मी त्याची शेवटपर्यंत ‘मॅडम’च राहिले. आम्ही रक्तपेढ्यांसाठी सॉफ्टवेअर करायचो, कुठल्या पेढीत कुठल्या गटाच्या किती पिशव्या आहेत ते दाखवणारं. शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करायचं नाही, म्हणजे चालू सॉफ्टवेअरमध्ये नवं काही टाकायचं नाही, हा या धंद्यातला सोवळ्यासारखा पाळायचा नियम, कारण काही बिघडलं तर शनिवार-रविवार जागेवर कुणी नसतं. त्या शुक्रवारी साडेसहाला मी त्याच्या टेबलापाशी जाऊन म्हणाले, “नितेश, सोमवारी क्लायंट येतोय. आज टाकून दे.”

“मॅडम, शुक्रवार आहे. अन् दुसरी मंजुरी द्यायला कोणी नाही.”

“तातडीचं बटण वापर. मी बघते काय ते.”

तोंडी बोलले, लिहिलं काहीच नाही. शनिवारी पहाटेपासून रविवार दुपारपर्यंत एकशे दहा रक्तपेढ्या पडद्यावर शुक्रवारचेच आकडे बघत बसल्या. फोनाफोनी करून सगळ्यांनी वेळ निभावली आणि कुणी दगावलं नाही, हे आमचं नशीब.

अशा बिघाडानंतर आमच्याकडे अहवाल लिहितात आणि त्यात कुणाचंही नाव घ्यायचं नाही अशी रीत आहे. दोष व्यवस्थेचा, व्यक्तीचा नाही, असं तत्त्व. फार सुंदर तत्त्व आहे. तो अहवाल मीच लिहिला. ‘एका इंजिनिअरने दुसऱ्या मंजुरीशिवाय तातडीचं बटण वापरून रिलीज केलं,’ एवढंच वाक्य. नाव नव्हतं. बटण कुणी दाबलं ते सिस्टिममध्ये सगळ्यांना दिसत होतं. कुणी दाबायला लावलं ते कुठेच दिसत नव्हतं. पुढच्या कंपन्यांनाही दिसणाऱ्या त्याच्या सेवा-नोंदीवर शेरा बसला आणि सहा महिन्यांनी त्याने राजीनामा दिला. निरोपाच्या केकचा पहिला तुकडा मीच त्याला भरवला.

पुण्यात जिथे परीक्षा तिथे क्लास. वारस-फेरीचा क्लास कोथरूडला एका ड्रायक्लीनरच्या वरच्या मजल्यावर चालतो. सबनीस सर कधीकाळी मोठ्या कंपनीत एचआरचे प्रमुख होते. वारसांशी सराव करायची पॅकेजं जुन्या कंपन्याच विकतात. सरांनी मला पंचेचाळीस सत्रांचं घ्यायला लावलं. रोज सकाळी मकरंद, म्हणजे माझा नवरा, कामावर गेला की मी लॅपटॉप उघडून बसायचे.

पहिल्या चार सत्रांत मी हवापाण्याच्या गप्पा मारल्या, त्याच्या कामाचं कौतुक केलं, पुढे काय करायचंय ते विचारलं. पडद्यावरचा नितेश “हो मॅडम”, “बरोबर आहे मॅडम” म्हणत राहिला. त्याच चेक्सच्या शर्टात, त्याच सवयीने मनगटावरचं घड्याळ फिरवत. आकडा एकतीसवर बसला तो हलेचना.

सरांनी रेकॉर्डिंग पाहिलं. “तुमच्यात काहीतरी झालेलं आहे, बाई. तो वाट बघतोय. काय आहे ते बोलून टाका.”

“बोलले तर ते कुठे जाईल?”

“कुठेही नाही. वारसाशी बोललेलं सीलबंद असतं, इंटरव्ह्यूतलंसुद्धा. पुरावा म्हणून वापरता येत नाही. कायदाच आहे तसा. म्हणून तर सगळे मोकळेपणाने बोलतात!”

पाचव्या सत्रात मी बोलले. “नितेश, त्या शुक्रवारी तुला मी सांगितलं होतं. चूक माझी होती. मी तुझ्या आड लपले.” बोलता बोलता मला रडू फुटलं. खरं रडू, नाक गळेपर्यंत. कितीतरी दिवस छातीवर काहीतरी बसलेलं होतं ते उठून गेल्यासारखं वाटलं. पडद्यावरचा नितेश बराच वेळ घड्याळ फिरवत राहिला आणि म्हणाला, “मॅडम, मी वाटच पाहून राहिलो होतो. जाऊ द्या आता.” आकडा अठ्ठ्याहत्तर.

मग त्याने विचारलं, “तेवढी एक ओळ लिहून द्याल का मॅडम? सूचना तुमची होती म्हणून? त्या वेळच्या मॅनेजरने लिहिलं तरच शेरा निघतो म्हणतात.”

मी अडखळले आणि आकडा सत्तरवर घसरला.

“हो म्हणायचं!” सर दुसऱ्या दिवशी टेबलावर टिचकी मारत म्हणाले. “‘आजच लिहिते’ म्हणायचं. प्रत्यक्षात कुठे लिहायचंय? आणि कबुलीच्या आधी तीन सेकंद थांबत जा. कॅमेऱ्याकडे बघा, मग खाली, मग पुन्हा वर.”

ओळ प्रत्यक्षात लिहायची तर परिणाम सरळ होता. त्याच्या नोंदीवरचा शेरा निघणार आणि माझ्या नोंदीवर बसणार: ‘सूचना देऊन नाकारली.’ तसा शेरा असलेला उमेदवार मेघवाट दारातही उभा करत नाही.

तर मी रोज सकाळी माफी मागू लागले. रोज नितेशला ती पहिल्यांदाच ऐकू यायची, रोज त्याचा चेहरा तसाच सैल पडायचा. दुसऱ्या वेळी मला थोडं रडू आलं. दहाव्या वेळेपर्यंत रडू कुठल्या शब्दावर आणायचं ते कळलं. विसाव्या वेळी ‘आड लपले’ऐवजी ‘मागे उभी राहिले’ म्हणून पाहिलं. दोन मार्क कमी झाले, परत ‘आड लपले’वर आले. तिसाव्या वेळेच्या सुमारास आकडा चौऱ्याण्णवच्या खाली येईनासा झाला. मला स्वतःचा अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू.

एकदा मकरंद घरी राहिला होता तेव्हा त्याने दाराआडून सगळं ऐकलं. जेवताना म्हणाला, “अगं, एवढं मनात आहे तर खऱ्या नितेशला फोन करून टाक ना. नंबर असेल तुझ्याकडे.”

मी कोशिंबिरीचं भांडं खाली ठेवलं, त्याच्याकडे पाहिलं, मग ताटाकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. “तुझं म्हणणं मला पोचलं, मकरंद. तुला हे बोलावंसं वाटलं याचं मला बरं वाटलं.”

तो घास हातात धरून बघतच राहिला. “माझ्याशी असं नको बोलूस,” म्हणाला. “भीती वाटते.”

इंटरव्ह्यूचा दिवस उजाडला. मेघवाटच्या चौदाव्या मजल्यावर वाट बघायच्या खोलीत गेले, तर खिडकीपाशी नितेश वाकोडे बसला होता. खरा. चेक्सचा शर्ट नव्हता, केस कानापाशी पांढरे झाले होते, चष्मा लागला होता. चार वर्षं झाली होती त्याला जाऊन. मी सकाळी पाहिलेल्या नितेशपेक्षा हा कितीतरी थकलेला होता, आणि मला उगीचच वाटलं की हाच जरा बिघडलेला आहे.

तो उठून उभा राहिला. “मॅडम. तुम्हीपण याच जागेसाठी?”

“हो. तू सध्या कुठे असतोस?”

“अमरावतीला. एका कॉलेजात कंत्राटावर शिकवून राहिलो. कंपन्या शेरा पाहतात अन् फोन करत नाहीत. इथं पहिल्यांदा इथवर आलो. आजच्या फेरीत मार्क पडले तर बटणाच्या शेऱ्याकडे कानाडोळा करू म्हणाले.” मग त्याने विचारलं, “तुमची तयारी कोणावर होती?”

“तुझ्यावर,” मी म्हणाले.

“माझी तुमच्यावर.”

मला सुचलंच नव्हतं. कंपनी सोडताना मीसुद्धा तीन महिने यंत्रापुढे बसले होते. माझाही वारस मागे राहिला होता. यंत्राने त्या शुक्रवारबद्दल विचारलं तेव्हा मी ‘निर्णय टीमचा होता’ असं सांगितलं होतं. त्याच्या पलीकडचं मी माझ्या वारसाला शिकवलंच नव्हतं.

“साठ वेळा विचारलं मी त्यांना,” नितेश म्हणाला. माझ्या वारसाबद्दल तो आदरानेच बोलत होता. “रिलीज कर म्हणून कोणी सांगितलं होतं, मॅडम? साठही वेळा एकच उत्तर. ‘नितेश, आपण अहवालात कुणाचंच नाव घेतलेलं नाही, हे लक्षात घे.’ आवाज इतका मायेचा. मधूनच म्हणतात, पाणी पी.”

मी तसं म्हणते. अवघड विषय निघाला की मी समोरच्याला पाणी प्यायला सांगते.

“मग आकडा?”

“अठ्ठेचाळीसच्या वर जात नाही. प्रश्न सोडून दिला की नव्वद पडतात. पण मी काहून सोडू?”

त्या खोलीत आम्ही दोघंच होतो. जे एकोणचाळीस वेळा बोलून झालं होतं ते आता बोलायचं होतं आणि शब्द तर तोंडपाठ होते. मी थांबले. त्याच्याकडे पाहिलं, खाली पाहिलं, पुन्हा वर पाहिलं. “नितेश, त्या शुक्रवारी तुला मी सांगितलं होतं. चूक माझी होती. मी तुझ्या आड लपले.” ‘लपले’वर माझा आवाज बरोबर भरून आला.

नितेश माझ्याकडे टक लावून बघत होता. मग अगदी हळू म्हणाला, “तीन सेकंद. सबनीस सर ना? मीपण ऑनलाइन बॅच केली त्यांची.”

“नितेश, मी मनापासून बोलतेय.”

“असेल. पण मला कसं कळणार?” त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. “माफीचं राहू द्या, मॅडम. एक ओळ लिहून द्या. आत्ता, फोनवरून. पाच मिनिटं लागतात. मग ही नोकरी मिळो न मिळो, मी दुसरीकडे अर्ज तरी करीन.”

मी घड्याळाकडे पाहिलं. खरंच पाच मिनिटांचं काम होतं, आणि माझ्या इंटरव्ह्यूला पाऊण तास अवकाश होता. पाच मिनिटांत माझी नोंद बदलली असती आणि आतल्या माणसांना ती बदललेलीच दिसली असती.

“इंटरव्ह्यू होऊन जाऊ दे,” मी म्हणाले. “मग बघू.”

“बघू,” तो म्हणाला. रागावला नाही. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याचं नाव पुकारलं गेलं आणि तो आत गेला.

चाळीस मिनिटांनी बाहेर आला, बॅग उचलली. “एकसष्ट,” म्हणाला. मला आधी वाटलं मार्क सांगतोय. मग कळलं, एकसष्टाव्या वेळीही तेच उत्तर. लिफ्टच्या दारातून त्याने मागे वळून पाहिलं नाही.

आत दोन परीक्षक होते, एक बाई आणि एक गृहस्थ. पडद्यावर नितेश आला. चेक्सचा शर्ट, काळे केस, हातात घड्याळ. खरं सांगते, मला हायसं वाटलं. ओळखीचं माणूस भेटल्यासारखं. मी थांबले, बोलले, रडले. तो सैल पडला. मग त्याने विचारलं, “तेवढी एक ओळ लिहून द्याल का मॅडम?”

“आजच लिहिते, नितेश,” मी म्हणाले. “माझा शब्द आहे.”

परीक्षक बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. “इतकं प्रामाणिक फार कमी लोक बोलतात,” त्या म्हणाल्या. मी त्यांचे आभार मानले.

चौथ्या दिवशी पत्र आलं. निवड झाली होती. सोबत फेरीचा निकाल होता. ‘नितेश वाकोडे यांचा उमेदवारावरील अंतिम विश्वास: ९६. उमेदवार दिलेला शब्द पाळतील, अशी त्यांची खात्री आहे.’ मकरंदने पेढे आणले, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि मग विचारलं, “आणि त्या मुलाची ओळ?” मी म्हणाले की रुजू झाल्यावर बघू, नव्या ठिकाणी निदान पाय तरी टेकू देत. त्याने पेढ्यांचा बॉक्स फ्रिजमध्ये ठेवला. त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही, आणि इतर विषयही बरेच कमी काढतो.

आज मला रुजू होऊन पाच महिने झाले. ओळ लिहिलेली नाही. शेरा आजही माझ्या नोकरीच्या आड येऊ शकतो, याची मी करार नीट वाचून खात्री करून घेतली आहे.

माझ्या पॅकेजमधली दोन सत्रं उरली होती. गेल्या रविवारी, मकरंद त्याच्या बहिणीकडे गेला असताना, मी त्यातलं एक उघडलं. का, ते मला माहीत नाही. नितेश आला. “बोला मॅडम,” म्हणाला.

या वेळी मी थांबले नाही, कॅमेऱ्याकडे पाहिलं नाही. “नितेश, त्या शुक्रवारी तुला मीच सांगितलं होतं. तुझा शेरा काढायला माझी एक ओळ पुरेल. ती मी लिहिलेली नाही आणि लिहिणार नाही. लिहिली तर माझी नोकरी जाईल. बस्स, एवढंच.”

त्याने घड्याळ फिरवायचं थांबवलं. मग म्हणाला, “आज तुम्ही खरं बोलून राहिल्या, मॅडम.”

कोपऱ्यातला आकडा चढत गेला आणि अठ्ठ्याण्णववर थांबला. इतके मार्क मला कधीच पडले नव्हते. आणि ते बघून माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की हे सबनीस सरांना कळवलं पाहिजे.

मी कळवलं. त्यांचं दोन मिनिटांत उत्तर आलं: ‘वा, बाई! पुढच्या बॅचला हेच शिकवतो.’